आत्याची सही, शेजारची विहीर आणि मिरगाआधीचा पाया

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे:

«गावात आजोबांची १२०० चौरस मीटर जमीन आहे आणि प्रादेशिक आराखडा २०२१ प्रमाणे ती वसाहत विभागात येते. एक-चौदाच्या उताऱ्यावर वडील, काका आणि दोन आत्या अशी चौघांची नावे आहेत. जमिनीच्या पुढच्या भागात, रस्त्याला लागून, मी तळमजल्याचे १४० चौरस मीटरचे घर बांधणार आहे. काका आणि धाकट्या आत्याने नोटरीसमोर संमती दिली, पण पेडण्याला दिलेली थोरली आत्या "बघूया" म्हणते आणि सही करत नाही. वडिलांच्या नावाने नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता मिळाली आहे. बांधकाम परवान्यासाठी पंचायतीत अर्ज करून ४० दिवस झाले, अजून उत्तर नाही. सनदेसाठी (जमिनीचा वापर बदलण्याच्या परवानगीसाठी) अर्ज केलेला नाही. कंत्राटदार म्हणतो, मिरगाआधी पाया आणि जोते उरकून घेऊ, लायसन मागाहून येते. मागच्या बाजूला चढ आहे, तोही दोन मीटर कापून सपाट करायचा त्याचा विचार आहे. सुरुवात करावी का?»

तुमच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते मी आधीच सांगून टाकतो, कारण हे सदर तुमच्या हाती पडेपर्यंत कंत्राटदाराने चिऱ्यांचा ट्रक मागवलेला असू शकतो. त्याला थांबवा. 'लायसन मागाहून येते' हे त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरे असेलही, कारण काम बंद ठेवण्याची नोटीस येते ती जमीनमालकाच्या नावे. कंत्राटदार तोपर्यंत दुसऱ्या गावात दुसऱ्याच्या पायावर उभा असतो.

तुमचे सगळे लक्ष पंचायतीकडे लागलेले दिसते, परंतु तुमची अडचण पंचायतीत नाही, ती एक-चौदाच्या उताऱ्यातच आहे. हा उतारा कब्जा आणि वहिवाट यांची नोंद दाखवतो आणि कायदा ती नोंद खरी असल्याचे गृहीतही धरतो, पण ते गृहीतक पुराव्याने खोडता येते, आणि चौघांपैकी कोणाचा हिस्सा नेमका कुठे आहे हे तर उतारा सांगतच नाही. आज १२०० चौरस मीटरच्या प्रत्येक वितीत चौघांचा अविभक्त हक्क आहे. रस्त्यालगतचा पुढचा भाग तुमच्या वडिलांचा, हे तुमच्या घरात ठरले असेल, पण कागदावर ते कुठेही ठरलेले नाही. शिवाय आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्यामुळे, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते, आणि वारशाने आलेली जमीनही त्यातच येते. याचा अर्थ असा की काकांच्या सहीबरोबर काकूंची आणि धाकट्या आत्याच्या सहीबरोबर तिच्या यजमानांची सही लागते. तुम्ही घेतलेल्या दोन संमतीपत्रांवर त्या जोडीदारांच्या सह्या आहेत का, हे आजच काढून पाहा. अनेकांच्या फाइलमध्ये त्या नसतात, आणि ज्या दिवशी एखाद्या नातलगाचे मन फिरते त्या दिवशी ते संमतीपत्र निम्मे निकामी ठरते.

तांत्रिक मान्यता मिळाली यावरून नगरनियोजन खात्याने मालकी तपासून मोकळी केली असा समज करून घेऊ नका. त्या आदेशाच्या शेवटी अटींची लांब यादी असते, आणि बहुतेक लोक ती न वाचताच फाइलला टाचतात. खोटी माहिती किंवा चुकीचे नकाशे देऊन घेतलेली मान्यता मागे घेतली जाऊ शकते, अशी अट तिथे सर्वांत वर किंवा त्याच्या आसपास असतेच. थोरल्या आत्याने उद्या एक साधा तक्रार अर्ज दिला, की आपल्या संमतीशिवाय सामाईक जमिनीत बांधकाम होत आहे, तर पंचायतीला त्याची दखल घ्यावीच लागेल. आणि तुमचा पाया तोवर निघालेला असेल तर बोलणी करताना तुमच्याच गळ्यात दोर पडेल.

आता त्या 'बघूया'विषयी. बाहेरच्या माणसाने घरच्या गोष्टीत किती शिरावे हा प्रश्नच आहे, पण पत्रातल्या आकड्यांवरून मला आत्याबाईंची शंका अगदीच निराधार वाटत नाही. १२०० चौरस मीटरचे चार सारखे वाटे झाले तर प्रत्येकाला ३०० येतात. तुम्ही जोडलेल्या नकाशावर आर्किटेक्टने ४० टक्के व्याप्ती (घराने जमिनीवर व्यापायची जागा) आणि ६० एफएआर (सगळ्या मजल्यांचे मिळून बांधकाम जमिनीच्या ६० टक्के) धरून तक्ता केला आहे, आणि १२०० चौरस मीटरवर हिशोब केल्यामुळे तुमचे १४० चौरस मीटरचे घर त्यात सहज बसते. पण हाच हिशोब ३०० चौरस मीटरवर केला, तर ४० टक्के म्हणजे फक्त १२० चौरस मीटर. म्हणजे उद्या वाटणी झाली की तुमचे घर स्वतःच्या हिश्श्यात नियमाने बसणार नाही, ते कोणाच्या तरी वाट्यातली मोकळी जागा खाऊनच उभे राहील. त्यातच ते रस्त्यालगत आणि रुंदीच्या मध्यावर आखलेले आहे, मागच्या तीन वाट्यांना जायला पायवाट कुठून हे नकाशावर दिसत नाही. आत्या नकाशा वाचत नसतील, परंतु 'आमची वाट कुठून' हा प्रश्न त्यांना नक्की पडला असणार.

म्हणून माझी सूचना अशी की संमतीपत्रावर सही मागत फिरण्यापेक्षा वाटणीच करून घ्या. आजोबांच्या पश्चात वारसा कायदेशीरपणे ठरलेला नसेल तर सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात विशेष नोटरीसमोर वारसा दस्त करावा लागेल. सगळ्यांचे एकमत असेल तर वाटणीपत्र नोंदवता येते, आणि एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी दाखल करण्याचा मार्ग २०१२ च्या वारसा व इन्व्हेंटरी कायद्याने खुला आहे. न्यायालयाचे नाव काढले की घरात अबोला धरला जातो याची मला कल्पना आहे, पण इन्व्हेंटरी हा कोणावरचा खटला नव्हे. मयताच्या मालमत्तेची यादी करून तिचे वाटप करण्याची ती कार्यवाही आहे, आणि हे आत्यांना कोणी शांतपणे समजावून सांगितले तर अर्धे काम होते. वाटणीनंतर जमीन महसूल संहितेच्या ६१ व्या कलमाखाली उपजिल्हाधिकाऱ्यांकडून हिश्श्यांची विभागणी करून घेतली, की प्रत्येकाला स्वतःचा पोटहिस्सा क्रमांक आणि स्वतःचा एक-चौदा मिळतो. वाटणीच्या नकाशावर मागच्या हिश्श्यांसाठी रस्ता आधी आखा, घर मागाहून आखा. घर थोडे लहान करा, नाहीतर एक मजला वर चढवा: ६० एफएआरने ३०० चौरस मीटरवर एकूण १८० चौरस मीटर मिळतात, तेव्हा तळाला १०० आणि वर ४० असे केले तर तुमची गरज भागून थोडे उरतेही. नकाशा बदलला म्हणजे तांत्रिक मान्यताही नव्याने घ्यावी लागेल. हा खर्च टाळता येण्यासारखा नाही.

सनदेचे तुम्ही एका ओळीत उरकले आहे, तिथे मात्र थांबले पाहिजे. वसाहत विभागात जमीन आहे म्हणजे ती आपोआप बिगरशेती झाली, असा समज पंचायत सदस्यांमध्येही आढळतो. प्रादेशिक आराखडा फक्त एवढेच सांगतो की इथे घराला परवानगी देता येईल. जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी जमीन महसूल संहिता १९६८ च्या ३२ व्या कलमाखाली वेगळी घ्यावी लागते, आणि तिलाच आपण सनद म्हणतो. तुमच्या तांत्रिक मान्यतेच्या आदेशात 'बांधकाम सुरू करण्यापूर्वी सनद घ्यावी' अशी अट आहे, पाहून घ्या. सनदेच्या अर्जावर मामलेदार, नगरनियोजन, वन खाते आणि भूमापन खाते यांचे अहवाल मागवले जातात. मामलेदारांचा माणूस कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आहे का आणि जागेला रस्ता आहे का ते बघतो, वन खात्याचा माणूस झाडे बघतो. एक-चौदाच्या कुळाच्या रकान्यात एखादे जुने नाव राहून गेले असेल, मग तो माणूस कधीचा गेला असो वा गाव सोडून गेलेला असो, अर्ज तिथेच अडतो. वाटणीनंतर आपल्या ३०० चौरस मीटरची सनद काढणे हे आज १२०० ची काढण्यापेक्षा स्वस्त आणि सोपे आहे, कारण शुल्क चौरस मीटरवर आकारले जाते आणि सह्या फक्त तुमच्याच घरच्या लागतात.

आता पंचायतीकडे येतो. गोवा पंचायत राज कायदा १९९४ च्या ६६ व्या कलमाप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत पंचायतीने निर्णय कळवला पाहिजे. कळवला नाही तर त्या मुदतीनंतरच्या ३० दिवसांत पंचायत खात्याच्या उपसंचालकांकडे अपील करता येते आणि त्यांनीही ३० दिवसांत ते निकालात काढायचे असते. त्यांनीही काही केले नाही तर परवानगी दिली असे मानले जाते, मात्र कायदा आणि नियम मोडून बांधण्याची मोकळीक त्यातून मिळत नाही. तुमचे ४० दिवस झाले, म्हणजे अपिलाच्या मुदतीतले दहा दिवस गेले आणि वीस राहिले. गावात 'डीम्ड परमिशन' म्हणून जे बोलले जाते त्यात हे मधले अपील बहुतेक जण विसरतात, आणि नुसते ३० दिवस मोजून काम सुरू करतात. पंचायतीचे मौन म्हणजे परवानगी नव्हे.

तुम्ही हे अपील करावे का? माझ्या मते करू नये. अपिलात फाइल उघडली जाईल, आणि सनद नाही व एका सहहिस्सेदाराची संमती नाही, या दोन उणिवा सर्वांत आधी पुढे येतील. सचिवांना भेटून अर्ज लेखी मागे घ्या, पोच घ्या, आणि सगळे कागद जुळल्यावर नवा अर्ज द्या. नव्या अर्जाची पोच मात्र आवक क्रमांक आणि तारखेसह घ्या, तेव्हा हेच तीस-तीस दिवस तुमच्या बाजूने उभे राहतील.

मागचा चढ कापण्याचा विचार कंत्राटदाराच्या डोक्यातून काढून टाका. नगरनियोजन कायद्यात १७-अ हे कलम नेमके यासाठीच घातले आहे: डोंगराळ जमीन कापायची किंवा सखल जमीन भरायची असेल तर आधी वेगळी परवानगी लागते, जमीन तुमच्या स्वतःच्या मालकीची असली तरी. जेसीबीचे एका दुपारचे काम असते, पण त्या दुपारचा फोटो कोणीतरी काढतोच. उतार २५ टक्क्यांहून जास्त असेल तर तिथे बांधकामच करता येत नाही, आणि तो तसा आहे की नाही हे समोच्च रेषांच्या नकाशाशिवाय डोळ्यांनी सांगता येत नाही. तुमच्या आखणीत घर पुढे आहे, तेव्हा चढ आहे तसा राहू द्या. जांभ्याचा कापलेला उभा कडा पहिल्या पावसात किती माती खाली आणतो हे डिचोलीत राहणाऱ्याला मी सांगायला नको. चढावर आंबा-फणस असतील तर तोडण्यासाठी झाडांच्या १९८४ च्या कायद्याखालची वेगळी परवानगी लागते, हेही त्याच दमात लक्षात घ्या.

परवाना हातात आला की मागच्या पानावरच्या अटी मोठ्याने वाचून दाखवा, गवंड्यालाही. त्यातली एक अट दिसायला क्षुल्लक आहे: इमारतीची आखणी करून देण्यासाठी पंचायतीला कळवावे. जमिनीवर चुना टाकून आणि खुंट्यांना दोरी बांधून घराच्या कडा ठरतात त्या दिवशी रस्त्यापासूनचे आणि हद्दीपासूनचे अंतर टेपने मोजून घेतले, तर ऑक्युपन्सी दाखल्याच्या, म्हणजे घरात राहायला जाण्याच्या परवानगीच्या वेळची निम्मी भीती जाते. दोरी अर्धा मीटर सरकवायला पाच मिनिटे लागतात, आणि जोते झाल्यावर तो अर्धा मीटर कोणालाच सरकवता येत नाही. दोरी ताणलेली असताना चारही बाजूंनी फोटो काढा, टेपवरचे आकडे वाचता येतील असे. कामाच्या जागी परवान्याचा क्रमांक, तारीख आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाचे नाव लिहिलेला फलक लावा. मजुरांची हिवतापासाठी तपासणी होऊन त्यांच्याकडे आरोग्य कार्डे आहेत का ते बघा, कारण ही अट बहुतेक परवान्यांत असते आणि आरोग्य केंद्राचा माणूस पावसाळ्यात हमखास येतो. स्लॅबवर क्युरिंगसाठी साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या दिसल्या तर तो तुमच्याशी बोलेल, कंत्राटदाराशी नव्हे. परवान्याच्या वेळी भरायचा पायाभूत सुविधा कर आणि कामगार कल्याण उपकर यांच्या पावत्या एका पाकिटात ठेवा, त्याविषयी अधिक काही सांगण्यासारखे नाही.

विहिरीविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही, पण नकाशाच्या डाव्या कडेला शेजाऱ्याच्या कुंपणाआत एक लहान वर्तुळ दिसते. ती विहीर असेल तर माझी चूक ऐका. माझ्या स्वतःच्या घराचा नकाशा मीच केला होता. सोकपिट, म्हणजे सांडपाणी जिरवण्याचा खड्डा, आमच्या विहिरीपासून सोळा मीटरवर दाखवला आणि खूश झालो, कारण अट पंधरा मीटरची असते. कुंपणापलीकडे काजूच्या फांद्यांखाली शेजाऱ्यांची एक जुनी विहीर होती. ती वापरात नव्हती, म्हणून मी नकाशावर काढलीच नाही. घर रंगवून झाले, दाखल्यासाठी अर्ज केला आणि आरोग्य निरीक्षक आले. त्यांनी फांद्या बाजूला केल्या, विहिरीच्या काठाच्या चिऱ्यावर टेपचे टोक धरायला मलाच सांगितले, आणि आकडा वाचला: साडेबारा. पुढचे दोन महिने नव्या अंगणातून जांभा फोडून दुसरा खड्डा खणण्यात गेले, आणि चवथीचा गणपती त्या वर्षी भाड्याच्याच घरात बसला. त्या निरीक्षकांचा मला तेव्हा राग आला होता, पण शेजाऱ्यांच्या सुनेने पुढे दोन वर्षांनी ती विहीर उपसून पुन्हा वापरात आणली, तेव्हा तो राहिला नाही.

बांधताना एखादी खोली वाढवावीशी वाटली, जिना फिरवावासा वाटला तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या. 'पुढे बघू' म्हणून केलेला एक मीटरचा सज्जा पूर्णत्वाच्या पाहणीत सापडतोच. पावसासाठी गच्चीवर पत्र्याचे छप्पर घालण्याची आपल्याकडे पद्धतच आहे, तेही आधी विचारून घाला. काम संपल्यावर नगरनियोजन खात्याचा पूर्णत्वाचा दाखला, अभियंत्याचे मजबुतीचे प्रमाणपत्र, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला, आणि मग पंचायतीचा ऑक्युपन्सी दाखला, असा क्रम असतो. त्याआधी घराला आतून-बाहेरून गिलावा व रंग झालेला असावा लागतो, चिरे उघडे ठेवायचे असल्यास तेही चालतात. वीज आणि पाण्याच्या कायम जोडण्या या दाखल्यावर अवलंबून असतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मधील निकालात देशभरासाठी तसेच निर्देश दिले आहेत. घरपट्टी लागली, घर क्रमांक मिळाला म्हणजे घर कायदेशीर झाले, असे कोणी सांगितले तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. पंचायत बेकायदा बांधकामावरही घरपट्टी आकारते, आणि पावतीने परवानगीचे काम होत नाही.

वेळेचे म्हणाल तर यंदाच्या मिरगाआधी तुमचे जोते होणार नाही, हे मान्य करा. पावसाळ्यात खणकाम नाहीतरी कोणी करत नाही. हे चार महिने वारसा दस्त, वाटणीपत्र आणि सनद यांच्यासाठी वापरा आणि दिवाळीनंतर दोरी ताणा. परवान्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, तेव्हा तो उशिरा हाती आला तर उशिराच संपेल. कंत्राटदाराला आगाऊ रक्कम दिली असेल तर ती किती आणि कशासाठी, याची लेखी पावती या आठवड्यात घ्या.

आणि येत्या रविवारी वडिलांना घेऊन पेडण्याला जा. संमतीपत्र नेऊ नका, नेले तर आत्याबाईंना ते आधीच दिसेल. कोरा कागद न्या, त्यावर १२०० चौरस मीटरचा चौकोन काढा, आणि मागच्या वाट्यांचा रस्ता कुठून काढायचा ते त्यांनाच आखायला सांगा. परतल्यावर शेजाऱ्यांना विचारून कुंपणाआतल्या त्या वर्तुळापासून टेप ताणा. टेपचे दुसरे टोक शेजाऱ्यांच्याच हातात द्या.